अक्का आणि आमचे पासपोर्ट

"पासपोर्ट हाय का?" हा अक्कांनी मला विचारलेला पहिला प्रश्न. नाव त्यांनी त्यानंतर विचारलं, आणि तेही चहा येईपर्यंत काहीतरी बोलायचं म्हणून.

मी तेव्हा नुकतीच पुण्याहून हैदराबादला आले होते. विद्यानगरात एक खोली, एका कॉम्प्युटर कंपनीत नोकरी. नव्वदीच्या दशकातले मधले दिवस. गल्लोगल्ली एसटीडी बूथच्या पिवळ्या पाट्या लागल्या होत्या, अमीरपेठेत दर दुसऱ्या जिन्यावर कॉम्प्युटरचा क्लास होता आणि माझ्या वयाच्या प्रत्येकाच्या डोक्यात अमेरिका होती. उपवर मुलीची पत्रिका घरात तयार असावी तसा माझा पासपोर्ट तयार होता. त्यामुळे मी मान ताठ करून "हो, आहे ना," म्हटलं.

"मग उद्या घिऊन ये. वर्षभर माझ्यापाशी ऱ्हाईल."

मी हसले. त्या हसल्या नाहीत.

ही काही व्हिसाची कचेरी नव्हती. ज्या मुलांना आईबाप नाहीत, किंवा असून नसल्यासारखे आहेत, त्यांना अनाथालयात न ठेवता एखाद्या कुटुंबात राहायला द्यायचं, असं काम करणारी ती एक छोटी संस्था होती. दत्तक नव्हे. मूल अठरा वर्षांचं होईपर्यंत त्या घरात राहणार आणि संस्था लक्ष ठेवणार, एवढंच. मूल तेरा-चौदाचं झालं की त्याला घराबाहेरचं एक मोठं माणूस जोडून देत. या माणसानं आठवड्यातून एकदा मुलाला भेटायचं, अभ्यास, पुढचं शिक्षण, मनातलं, पोटातलं, जे असेल ते बोलायचं. त्याला तिथे 'सोबती' म्हणत. आम्ही दहा-बारा सोबती होतो आणि आमच्यावर देखरेख ठेवायला अक्का.

मी तिथे का गेले, तेही सांगून टाकते. समाजसेवेचा उमाळा वगैरे काही नव्हता. परदेशी विद्यापीठाच्या अर्जाला समाजकार्याचं प्रमाणपत्र जोडलं की वजन पडतं, असं ऑफिसातल्या एकीनं सांगितलं होतं. म्हणजे देश सोडायची तयारी म्हणून मी गेले आणि पहिल्याच आठवड्यात पासपोर्ट देऊन बसले. अक्कांनी हात पुढे केला की माणूस देत असे.

अक्कांना सगळे अक्काच म्हणत. नांदेडकडचं शेतकरी घराणं, पण वडील निजामाच्या काळातच हैदराबादला येऊन चिकटलेले. अक्कांची सुरुवातीची शाळा उर्दूतून झाली होती. घरात मराठी, पण तिच्यात दखनी आणि तेलुगू इतकं मुरलेलं की माझं बोलणं ऐकून त्या म्हणायच्या, "तू बोलायलीस की मला वाटतं रेडिओवर बातम्या लागल्या." अंगावर सुती नऊवारी नाही, साधी पाचवारी, पण मनगटावर नवऱ्याचं मोठं घड्याळ. नवरा केव्हाच गेला होता, घड्याळ चालू होतं. वाहन म्हणजे लूना, आणि चढ आला की तिला सायकलसारखं पायडल मारत. भर रस्त्यात मागच्या गाडीवाल्यानं हॉर्न वाजवला तर मागे वळून म्हणत, "हल्लू रे, तुझी बायको पळून नाय चालली."

उभी नोकरी त्यांनी ट्रंक एक्सचेंजमध्ये काढली होती. परगावी फोन लावायचा तर ऑपरेटरकडे नोंदवून तासन् तास वाट बघायची, त्या काळातली ती नोकरी. शेवटी शेवटी त्या सुपरवायझर झाल्या. ओळीनं बसलेल्या ऑपरेटर मुलींच्या मागून फिरायचं, मधेच एखादीच्या लाईनला कान लावायचा, ती गिऱ्हाइकाशी कशी बोलते ते ऐकायचं. पुढे एसटीडी आलं, लोक थेट नंबर फिरवू लागले आणि अक्कांनी मुदतीआधी निवृत्ती घेतली. देशात तेव्हा सगळे नव्या आर्थिक धोरणावर वाद घालत. अक्कांचं मत पक्कं होतं. देशाचं वाटोळं एसटीडीनं केलं, कारण जे तीन मिनिटांत सांगून व्हायचं ते लोक अर्धा तास बोलू लागले.

ट्रंक कॉलला तीन मिनिटं झाली की ऑपरेटर मधेच येऊन तसं सांगे. अक्कांनी ती सवय इकडे तशीच आणली. कुणीही बोलू लागलं की त्यांची नजर घड्याळावर. "थ्री मिनिट्स ओव्हर!" की संपलं. संस्थेचे अध्यक्ष असोत, देणगीदार असोत, लग्नातला भटजी असो. एकदा दिल्लीहून एक तज्ज्ञ आम्हाला शिकवायला आले होते. आदर्श सोबत्याचे दहा गुण त्यांनी मोठ्या कागदावर लिहून आणले होते. तिसऱ्या गुणावर असताना अक्का म्हणाल्या, "थ्री मिनिट्स ओव्हर." ते हसून पुढे बोलू लागले. अक्का उठल्या, कागद गुंडाळला, दोरी बांधली आणि त्यांच्या हातात दिला. मग त्यांना स्वतःच्या डब्यातली खट्टी दाळ आणि भात वाढला. ते बिचारे मुकाट्यानं जेवले. दाळ छान होती, असं जाताना म्हणाले.

अक्कांचा मुलगा न्यू जर्सीत होता. दर रविवारी सकाळी त्याचा फोन येई आणि पोटच्या मुलालाही तोच न्याय. तो बिचारा तीन वर्षं एकच विचारत होता, "अम्मा, कधी येतेस?" आणि अक्कांचंही उत्तर एकच. "पासपोर्ट सापडंना रे." आम्ही सोबती यावर त्यांच्या मागे खूप हसत असू. दहा जणांचे पासपोर्ट ताब्यात ठेवणाऱ्या बाईला स्वतःचा एक सापडत नाही! आमचे पासपोर्ट त्यांनी तांदळाच्या डब्यात तळाशी ठेवलेत अशी आमच्यात वदंता होती. एकीनं तर एकदा त्यांच्याकडे जेवताना भातात कागदाचा तुकडा आला असं शपथेवर सांगितलं.

आमची बैठक दर शनिवारी सकाळी साडेसहाला मलकपेठेत अक्कांच्या गच्चीवर भरायची. साडेसहाला का, तर गच्चीवरून रेसकोर्स दिसायचा आणि त्या वेळी घोडे फिरवायला बाहेर काढत. अक्का शर्यतीवर कधी पैसे लावत नसत, पण घोड्यांना नावानं ओळखत. सोबत्यानं रडकुंडीला येऊन आपल्या मुलाचं काही सांगावं आणि ऐन मोक्यावर अक्कांनी हात वर करून म्हणावं, "ठैर. तांबडा लंगडायलाय आज." मग सगळ्यांनी तांबडा बघायचा. तो वळणाआड गेला की, "हां, बोल."

त्या आम्हाला म्हणत, "पळायचं काम घोड्याचं. जॉकीनं आपलं वजन कमी ठिवावं." यात त्या मुलांना घोडे म्हणतात की आम्हाला हलक्या डोक्याचे, यावर जिना उतरताना आम्ही वाद घालत असू.

पण गच्चीवरची खरी गंमत म्हणजे त्यांचा एकच प्रश्न. आम्ही आठवड्याभराची कर्तबगारी सांगायचो. मुलाला गणितात किती पडले, त्याला कुठला फॉर्म आणून दिला, त्याच्याशी भविष्याबद्दल काय चर्चा केली. अक्का सगळं ऐकून घेत, तीन मिनिटं. मग विचारत, "पोरगं नाही म्हणालं का कशाला?"

"म्हणजे?"

"म्हणजे हे नको, ते नाही करणार, असं काय?"

"नाही अक्का, फार गुणी आहे तो."

"हां." आणि त्या घोड्यांकडे बघू लागत. गुणी म्हटलं की त्यांचं तोंड कडू होई.

माझ्या वाट्याला आलेली मुलगी स्वरूपा. सतरा वर्षांची, तेलुगू बोलणारी, इंटरच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे आपल्याकडच्या बारावीला. नल्लकुंट्यात एका मराठी जोडप्याकडे ती चार वर्षं राहत होती. काका विद्यापीठाच्या कचेरीतून निवृत्त, काकू घरीच. माणसं चांगली होती. स्वरूपा त्यांच्याशी आणि माझ्याशी मराठी, दखनी, तेलुगू असं एकत्र कालवून बोलायची, पण मुळात बोलायचीच कमी. चहा घेतेस? हो. सिनेमाला जाऊ? चालेल. सायन्स घेतलंस ते आवडतं का? हो. पाऊण तास आम्ही एका इराणी हॉटेलच्या फॅमिली रूममध्ये बसायचो. मी उत्साहानं बोलत राहायची आणि ती बिस्किट बुडवत ऐकत राहायची.

पाचव्या का सहाव्या भेटीला शेजारच्या टेबलावर कुणीतरी उर्दू पेपर उघडून बसलं होतं. मधेच पेपरमागून हसू आलं, एखादी बातमी आवडली असावी. मी लक्ष दिलं नाही. शनिवारी गच्चीवर अक्कांनी माझं आख्खं भाषण मला म्हणून दाखवलं. अमेरिकेतल्या संधींबद्दलचं होतं ते.

"चोरून ऐकलंत तुम्ही!" मी भडकले.

"चोरून कायको? उघडी बसले हुते, तुझ्या पाठीमागं." त्यांना त्यात वावगं काही दिसतच नव्हतं. आयुष्यभर त्यांनी पगार घेऊन हेच केलं होतं. "पाऊण तासातले चाळीस मिनिटं तू बोलायलीस. बरं ते जाऊ दे. पोरीनं कटलेट खाल्लं?"

"खाल्लं की."

"त्यात वांगं नव्हतं ना? वांगं खाल्लं की तिचे ओठ सुजतेत. काकूकडं हप्त्यातून दोनदा वांगं असतंय आणि ही खाती. चार साल झाले. नको म्हणत नाही."

मी सहा आठवडे तिला भेटत होते आणि मला हे माहीत नव्हतं. काकूंना मी सांगितलं तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. "अगं, मी विचारायची, वाढू का, तर ताट पुढे करायची!" दुसऱ्याच्या घरात राहायचं तर नको म्हणायचं नाही, हे तिनं लहानपणीच शिकून घेतलं होतं. वांग्यापायी कशाला घर गमवा.

अक्कांना आमच्या पासपोर्टचं वेड का लागलं होतं, तेही मला गच्चीवरच कळलं. एक्सचेंजमध्ये पीपी कॉल नावाचा प्रकार असे. पलीकडे ठरावीक माणूसच फोनवर हवा असेल तर तसं आधी सांगायचं. तोच माणूस आला तर कॉल लागला, दुसरा कुणी आला तर नाही. अक्का म्हणत, "ही पोरं पीपी कॉल हायत. ह्यांना लागतो तोच माणूस लागतो. तुम्ही दर सहा महिन्याला नवा बोंबल्या धाडायलाव." स्वरूपाला माझ्याआधी तीन सोबती होऊन गेल्या होत्या. तिघीही हुशार, गोड. एक टेक्सासला, एक सिंगापूरला आणि एक लग्न करून लंडनला.

डिसेंबरात असेल, स्वरूपानं माझ्याकडे पहिल्यांदा आणि एकदाच काहीतरी मागितलं. मे महिन्यात ती अठराची होणार होती. म्हणजे काकांच्या घरातली व्यवस्था संपणार आणि तिला होस्टेलवर जावं लागणार. विद्यानगरात खोली ठरली होती, लॅब टेक्निशियनच्या कोर्सला नाव घालायचं होतं. तिला भीती होस्टेलची नव्हती.

"ताई," ती बिस्किटाकडे बघत म्हणाली, "त्या दिवशी तुम्ही येणार का? सामान न्यायला?"

आतापर्यंत तिची तीनदा घरं बदलली होती. तिन्ही वेळा संस्थेच्या जीपचा ड्रायव्हर तिची ट्रंक उचलून नव्या दारात ठेवून गेला होता. चांगला होता, म्हणाली, एकदा चॉकलेट पण दिलं. पण होस्टेलमध्ये बाकीच्या पोरींना सोडायला घरचे येतात. "वहाँ सब पूछते, कौन आया बोल के. अपना आदमी होना."

"अगं, येणार म्हणजे काय! पहाटेपासून येऊन बसते," मी म्हटलं. असली वचनं द्यायला मला तेव्हा काहीच लागत नसे.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात साहेबांनी मला खोलीत बोलावलं आणि सांगितलं, सहा महिन्यांसाठी अमेरिका, महिनाअखेर निघायचं, व्हिसाला पासपोर्ट आणून दे. मी आधी पुण्याला फोन केला. आईनं देवापुढे साखर ठेवली. मग दोन रात्री मी स्वरूपाचा विचार केला, आणि विचार केला म्हणजे मनातल्या मनात तिला समजावलं. तुझंच बघ, तुला पण आनंद होईल की नाही. मनातली स्वरूपा दर वेळी "हो, ताई" म्हणाली.

अक्कांपुढे खरं सांगायची माझी छाती नव्हती. मी गेले आणि म्हटलं, "अक्का, पासपोर्ट हवा होता. गॅस कनेक्शन घ्यायचंय, पत्त्याचा पुरावा मागतायत."

अक्का गच्चीवर मिरच्या वाळत घालत होत्या. म्हणाल्या, "खोटं बोलणारा माणूस आधी घसा साफ करतो. लाख माणसं ऐकली मी. तू आत्ता दोनदा केलास."

मग मी सगळं सांगितलं. बहुधा दोन मिनिटांत.

"माझ्यापाशी न्हाई तुझा पासपोर्ट," त्या म्हणाल्या.

"म्हणजे? तांदळाच्या डब्यात..."

"तांदळात कायको ठिवंन? किडे पडतील. स्वरूपाकडं हाय. पैल्या दिवसापास्नं. ज्याचा त्याच्या पोराकडं असतोय. मागून घे तिच्याकडनं. कशाला पायजे ते सांगून."

माझा पासपोर्ट, भारत सरकारची मालमत्ता, नल्लकुंट्यातल्या एका सतरा वर्षांच्या मुलीच्या ट्रंकेत! मी ओरडले, अधिकार कुणी दिला म्हणून विचारलं, पोलिसात जाईन म्हटलं. अक्का शांतपणे म्हणाल्या, "चल, लूनावर सोडते ठाण्याला." खरंच सोडलं असतं त्यांनी. ज्यांनी ज्यांनी पासपोर्ट मागितला त्या परत कधी आमच्या बैठकीला आल्या नव्हत्या, म्हणून ही भानगड आम्हाला कळायचा मार्गच नव्हता.

मी रिक्षा करून नल्लकुंट्याला गेले. काकू स्वयंपाकघरात होत्या. स्वरूपा पुढच्या खोलीत अभ्यास करत होती. मी बसले, पाणी प्यायले, आणि म्हटलं, "स्वरूपा, तुझ्याकडे माझी एक वस्तू आहे म्हणे."

तिनं वर बघितलं. "गॅस कनेक्शन?"

"काय?"

"पहिल्या ताईला रिन्यू करायचा होता. बाद में दोनों कू गॅस होना था." ती ट्रंकेकडे जायला उठली सुद्धा होती. चेहऱ्यावर काही नव्हतं. चार वर्षं वांगं खाणारा चेहरा तो हाच.

मी घसा साफ करायला लागले आणि थांबले. म्हटलं, "नाही. गॅस नाही. मला अमेरिकेला पाठवतायत, सहा महिने. या महिनाअखेर जायचंय."

"मे में नई आते म्हणजे."

"नाही."

ती ट्रंकेपाशी उभी राहिली. मला बोलायचं होतं, मी तुला तिथून पत्र लिहीन, फोन करीन, सप्टेंबरात परत येईन. यातलं एकही वाक्य बाहेर आलं नाही, आणि त्याचं श्रेय अक्कांना. पंखा फिरत होता. आत काकूंच्या कढईत काहीतरी तडतडत होतं. किती वेळ गेला माहीत नाही, पण ट्रंक कॉल असता तर कटला असता.

"नक्को," स्वरूपा म्हणाली.

"काय नको?"

"नै देती मैं." आवाज चिरकला तिचा. "तुम्ही येते बोले थे. मैं नै देती."

काकू झारा घेऊन बाहेर आल्या. "अगं स्वरूपा, असं काय करतेस? मोठ्या माणसांची वस्तू..."

"नै देती, काकू!" आणि ती चक्क ट्रंकेवर बसली. दोन्ही हातांनी कड धरून. काकूंचं तोंड उघडंच राहिलं. कढईतला तडका जळल्याचा वास घरभर सुटला, तरी कुणी हललं नाही.

मी तशीच परत मलकपेठेला गेले. रागानं रडू येत होतं. अक्कांनी दार उघडलं.

"नाही म्हणाली!" मी किंचाळले. "देत नाही म्हणाली! झालं समाधान?"

अक्का दारातच खाली बसल्या. "कसं म्हणाली?"

"कसं म्हणजे?"

"आवाज कसा हुता? मोठ्यानं, का हल्लू? एकदा का दोनदा? सगळं सांग. पैल्यापास्नं सांग."

आणि मी उंबऱ्यात बसून सगळं सांगितलं. पंखा, ट्रंक, काकूंचा झारा. मग माझं सांगितलं, आईनं ठेवलेली साखर, साहेब काय म्हणतील, माझं आयुष्य तुम्ही दोघींनी कसं मातीत घातलं. पाऊण तास तरी बोलले असेन. अक्कांनी एकदाही घड्याळ बघितलं नाही. त्यांचे डोळे भरून आले होते, आणि ते माझ्यासाठी भरलेले नव्हते हे मला स्पष्ट दिसत होतं. मला त्या क्षणी त्यांचा गळा दाबावासा वाटला.

"आणि तिनं दिला असता तर?" मी शेवटी विचारलं.

"तर तू गेली असतीस. आणि मी पाचवी शोधली असती."

ऑफिसात मी साहेबांना सांगितलं की पासपोर्ट एका मुलीनं अडवून ठेवलाय. त्यांना वाटलं मी दारू पिऊन आलेय. माझ्या जागी दुसरा गेला. तो अजून तिथेच आहे, दोन घरं आहेत म्हणे. खरं सांगायचं तर दुसऱ्या दिवशी जाऊन पुन्हा मागितला असता तर स्वरूपानं दिला असता. एवढं ओरडून झाल्यावर ती घाबरलीच असणार. मी गेले नाही. आजवर मला सगळ्यांनी विचारलं होतं, कधी जाणार? आई, वडील, साहेब, मैत्रिणी, सगळे. जाऊ नकोस असं म्हणत ट्रंकेवर बसणारं माणूस मला पहिल्यांदा भेटलं होतं, आणि मला ते आवडलं होतं. राग गेल्यावर एवढंच उरलं.

मे महिन्यात मी पहाटे नाही, पण सात वाजता रिक्षा घेऊन नल्लकुंट्याला हजर झाले. ट्रंक, बादली, गादीची वळकटी आणि काकूंनी दिलेली लोणच्याची बरणी, तीही मांडीवर. होस्टेलच्या वॉर्डननं चष्म्यावरून बघून विचारलं, "साथ में कौन?" मी काहीतरी समजावून सांगायला तोंड उघडणार, तोवर स्वरूपा म्हणाली, "हमारे हैं." वॉर्डननं पुढे विचारलं नाही.

खोलीत तिनं ट्रंक उघडली आणि माझा पासपोर्ट काढून हातात दिला. त्याला वहीसारखं खाकी कव्हर घातलेलं होतं, वर लेबल, लेबलावर माझं नाव. इयत्तेची आणि विषयाची जागा कोरी. मी हसायला लागले आणि तेवढ्यात मला ट्रंकेत कपड्यांखाली तसंच दुसरं खाकी कव्हर दिसलं. ते जुनं होतं, कोपरे झिजलेले.

"हा कुणाचा?"

"अक्काचा," स्वरूपा म्हणाली. "उनोच दिए. पहिली ताई गेली ना, मैं रो री थी. तब दिए. सब गए तो बी मैं हूँ, बोले."

"आणि परत मागितला नाही?"

तिनं मान हलवली. "मैंच एक बार देने गई. नक्को बोले. रख, बोले."

मी कव्हर उघडून बघितलं. आत काळ्या केसांच्या अक्का होत्या, फोटो काढणाऱ्यावर चिडलेल्या. पासपोर्टची मुदत संपून दोन वर्षं झाली होती. मी तो होता तिथे, कपड्यांखाली ठेवून दिला.

अमेरिकेला मी गेले, पुढे दीड वर्षानं. जाताना स्वरूपाला विचारलं. तिनं जरा विचार केला आणि "जाओ" म्हणाली, आणि तिथून आणायच्या वस्तूंची यादी दिली. त्यातली अर्धी मी नाही म्हणून परत केली. आमचं तेव्हा तेवढं जमलं होतं.

पण मला सांगायचा आहे तो होस्टेलनंतरचा रविवार. मी अक्कांना सगळं सांगायला सकाळीच मलकपेठेला गेले होते. दुसऱ्या पासपोर्टबद्दल कसं बोलावं याची जुळवाजुळव करत होते, तेवढ्यात न्यू जर्सीचा फोन आला. रिसीव्हरमधून त्याचा आवाज मला नीट ऐकू येत होता. दिवाळीपर्यंत तरी ये म्हणत होता. नातू बोलायला लागलाय, तुझं नाव घेतो, म्हणत होता.

अक्कांनी माझ्याकडे बघितलं. मला कळलंय हे त्यांना कळलं होतं. आवाजावरून माणूस ओळखणारी बाई, चेहऱ्यावरून काय कठीण होतं.

त्यांनी घसा साफ केला.

"पासपोर्ट सापडंना रे, बाबा," त्या म्हणाल्या. तो पुढे काही बोलू लागला, तर, "थ्री मिनिट्स ओव्हर," म्हणून त्यांनी फोन ठेवून दिला आणि पदर तोंडाला लावून गच्चीवर निघून गेल्या.

मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. एक मिनिटसुद्धा झालं नव्हतं.